ओढणे वेगळे, बांधणे वेगळे : वर्मच्या भ्रूणात सेंट्रोसोमची केंद्रकाशी असलेली गाठ कशी तपासावी

सी. एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीचे (प्रयोगशाळेत नुसते 'वर्म') अंडे पारदर्शक असते. ते साधारण ५० मायक्रोमीटर लांब आणि ३० मायक्रोमीटर रुंद भरते. फलनानंतर पहिल्या पाऊण तासात त्याच्या आत जे घडते ते चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली, कोणताही रंग न वापरता बघता येते. त्यातला एक प्रश्न पुण्यातल्या एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने सोडवता येईल असा आहे. सेंट्रोसोम, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या बारीक नळ्या (सूक्ष्मनलिका) जिथून पसरतात ते केंद्र, केंद्रकाला चिकटून राहतो तो कशामुळे, आणि ती गाठ सुटली हे ओळखायचे कसे?

यात सर्वाधिक फसगत एकाच ठिकाणी होते. एका स्थिर छायाचित्रात सेंट्रोसोम केंद्रकापासून दूर दिसला की लगेच "गाठ सुटली" असे लिहिले जाते. पण सेंट्रोसोम केंद्रकापर्यंत ओढला जाणे हे एक काम आणि पोहोचल्यावर तिथे बांधून ठेवणे हे दुसरे काम. दोन्ही कामांत काही प्रथिने सामाईक आहेत, तरी कामे वेगळी आहेत. पुढची सगळी कृती हा फरक दिसावा अशा बेताने मांडली आहे.

गाठीची रचना

केंद्रकाभोवती दोन पटले असतात. आतल्या पटलात सन-१ हे प्रथिन रोवलेले असते आणि बाहेरच्या पटलात झिग-१२. झिग-१२ चे शेपूट दोन पटलांमधल्या पोकळीत उतरते आणि तिथे सन-१ त्याला धरून ठेवते. झिग-१२ चा उरलेला मोठा भाग पेशीद्रव्यात असतो. तो हुक कुळातला आहे आणि डायनिन या मोटर प्रथिनाच्या एका उपघटकाला जाऊन भिडतो. अशा जोडीला सन-कॅश जोडी म्हणतात (कॅश म्हणजे ते शेपूट). पूर्ण पुलाला लिंक संकुल असे नाव आहे. यीस्टपासून माणसापर्यंत हीच पद्धत दिसते, फक्त बाहेरचे प्रथिन कामाप्रमाणे बदलते.

झिग-१२ ची एकाहून अधिक रूपे असतात. काहींना पटलात रुतणारा भाग असतो, एकाला नसतो. बिनपटलाचे रूप सेंट्रोसोमवर बसते, पटलाचे केंद्रकावर, आणि दोन्ही एकमेकांना धरतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून पुढे आलेले चित्र असे: डायनिन आणि झिग-१२ मिळून सेंट्रोसोमला केंद्रकाजवळ आणतात, त्यानंतर झिग-१२ व सन-१ त्याला तिथे जखडतात. सन-१ काढले तर झिग-१२ केंद्रकावरून नाहीसे होते. झिग-१२ काढले तर सन-१ मात्र जागेवर राहते. म्हणजे अवलंबित्व एकाच दिशेचे आहे. नियंत्रण प्रयोग ठरवताना ही दिशा डोक्यात पक्की असावी.

वर्मच का, याचे उत्तर अंड्याच्या सुरुवातीत आहे. बीजांड स्वतःचे तारककण (सेंट्रोसोमचा गाभा) आधीच गमावून बसलेले असते, ते घेऊन येतो शुक्राणू. त्यामुळे शुक्राणूच्या केंद्रकाला, म्हणजे नरकेंद्रकाला, सेंट्रोसोम चिकटलेला असतो आणि बीजांडाचे मादीकेंद्रक अंड्याच्या दुसऱ्या टोकाला एकटे असते. नराकडून पसरलेल्या सूक्ष्मनलिकांवरून डायनिनच्या बळावर मादीकेंद्रक ओढत येते. ते डायनिन मादीकेंद्रकाच्या पटलावर झिग-१२ मुळेच बसलेले असते. गाठ आणि ओढ अशी दोन्ही एकाच अंड्यात, अर्ध्या तासात आणि एकाच चौकटीत दिसतात.

पुण्यातले तापमान हा प्रयोगाचाच भाग

वर्म १५ ते २५° से. मध्ये सुखाने वाढतो. एन२ हा नेहमीचा वंश २७° च्या वर गेला की पिल्ले झपाट्याने कमी होतात. एप्रिल-मे मध्ये पुण्यात बाहेर ३८-४० पर्यंत पारा जातो. प्रयोगशाळेच्या टेबलावर ३० सहज असते. बी.ओ.डी. इनक्युबेटर २० वर लावून सूक्ष्मदर्शकाची खोली तशीच ठेवली तर स्लाइड करायला लागणाऱ्या वीस मिनिटांत भ्रूणाचे वेळापत्रक बदलते. तापमान-संवेदी उत्परिवर्ती (तापमान वाढवले की ज्याचे प्रथिन बिघडते असा वंश) वापरत असाल तर इनक्युबेटरमधून काढणे हाच नकळत प्रयोग होऊन बसतो. नियंत्रण गटाची प्लेट आधी काढली आणि उत्परिवर्तीची अर्ध्या तासाने, तर दोन्ही गट वेगवेगळ्या तापमानात वाढलेले असतात.

म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचा एसी २१-२२° वर निदान तासभर आधी सुरू करा. तेलाचे वस्तुभिंग स्लाइडला टेकलेले असते, त्यामुळे स्लाइडचे तापमान खोलीच्या नव्हे तर भिंगाच्या तापमानाकडे झुकते. बारीक थर्मोकपलची तार काचपट्टीवर टेकवून एकदा मोजून घ्या आणि वहीत तोच आकडा लिहा.

पावसाळ्यात बुरशी आणि कोळीकीटक त्रास देतात. जून ते सप्टेंबर प्लेटा पॅराफिल्मने बंद करून प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. प्रत्येक वंशाची एक प्रत गोठवलेली असू द्या. त्यासाठी उपाशी एल१ (पहिल्या अवस्थेतल्या) अळ्या शेवटी १५ टक्के ग्लिसरॉल येईल अशा द्रावणात मिसळून, स्टायरोफोमच्या डब्यात ठेवून -८०° वर हळू गोठवतात. आणखी एक स्थानिक सूचना: गुरुवारी पाणी किंवा वीज बंद असण्याची सवय पुण्याला आहे, तेव्हा ऑटोक्लेव्ह आणि प्लेटा ओतण्याचे काम बुधवारीच उरका.

माध्यम आणि खाद्य

एक लिटर एनजीएमसाठी (वर्म वाढवायचे अगारचे माध्यम) सोडियम क्लोराइड ३ ग्रॅम, पेप्टोन २.५ ग्रॅम, अगार १७ ग्रॅम आणि पाणी ९७५ मिली घेऊन ऑटोक्लेव्ह करा. ५५-६०° पर्यंत निवल्यावर १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिली, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिली, इथेनॉलमधले ५ मिग्रॅ प्रति मिली कोलेस्टेरॉल १ मिली आणि शेवटी पीएच ६.० चे १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिली घाला. प्रत्येक गोष्ट घातल्यावर फ्लास्क फिरवून घ्या. माध्यम फार गरम असताना किंवा सगळे एकदम ओतल्यावर कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका बसतो आणि प्लेट गढूळ होते. ६० मिमीच्या प्लेटला ८ ते १० मिली पुरते. अगार हलक्या प्रतीचा असेल तर वर्म आत बीळ करून शिरतात. तेव्हा २० ग्रॅमपर्यंत वाढवा. कोलेस्टेरॉल विसरू नका, वर्मला स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही.

खाद्य म्हणून ई. कोलाय ओपी५०. आरएनएआयसाठी (दुहेरी आरएनए देऊन एखादे जनुक गप्प करण्याची पद्धत) एचटी११५ जिवाणूत एल४४४० वाहकातला हवा तो क्लोन. त्या प्लेटांत १ मिलिमोलर आयपीटीजी (जिवाणूत दुहेरी आरएनए बनणे सुरू करणारे रसायन) आणि २५ मायक्रोग्रॅम प्रति मिली कार्बेनिसिलिन असावे. अँपिसिलिन स्वस्त पडते, पण प्लेटमध्ये लवकर निकामी होते. मग प्लाझमिड गमावलेले जिवाणू पसरतात आणि तुम्ही नुसते खाद्य घालत बसता. प्लेटा अंधारात ४° वर ठेवून दोन आठवड्यांत संपवा. हे पुनर्संयोजित जिवाणूंचे काम असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची नोंद आधी झालेली असावी.

प्रत्येक खेपेला दोन जास्तीच्या प्लेटा लावा, एक रिकाम्या एल४४४० ची आणि दुसरी पॉस-१ या जनुकाच्या क्लोनची. पॉस-१ वर वाढलेल्या आईची अंडी जवळपास सगळी मरतात. ती उबली तर तुमच्या प्लेटा चालत नाहीत, मग झिग-१२ च्या प्लेटवर काहीही दिसो, त्याला अर्थ नाही. आमच्या मते ही एक प्लेट न लावण्याने जितके आठवडे वाया जातात तितके दुसऱ्या कशाने जात नाहीत.

पुण्याच्या उन्हाळ्यात सी. ब्रिग्झी वापरण्याचा मोह होतो. त्याचा नेहमीचा वंश एएफ१६ मूळचा अहमदाबादचा आहे, तो एन२ पेक्षा जास्त उष्णता सोसतो आणि त्याचा भ्रूण दिसायला जवळजवळ सारखा असतो. नुसते निरीक्षण शिकायला तो उत्तम. पण खाद्यातून दिलेला आरएनएआय त्याच्यावर चालत नाही, कारण आतड्यातून दुहेरी आरएनए घेणारे सिड-२ हे प्रथिन त्याच्यात ते काम करत नाही.

एका वयाचे वर्म

अंडी भरलेले वर्म एम९ द्रावणाने धुऊन १५ मिलीच्या नळीत घ्या. पाणी ३.५ मिली, ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.५ मिली आणि ४-५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १ मिली असे ताजे मिश्रण घाला. नळी हलवत राहा आणि दर मिनिटाला भिंगाखाली बघा. अंगे फुटू लागली की थांबा, एकूण पाच मिनिटांच्या पुढे जाऊ नका. हायपोक्लोराइटची बाटली उघडल्यावर तिचा जोर महिन्यागणिक कमी होतो. जुनी बाटली असेल तर अंगे विरघळत नाहीत आणि वेळ वाढवला की अंडी मरतात. तीन वेळा एम९ ने धुऊन रात्रभर हलवत ठेवा. अळ्या एल१ अवस्थेत थबकतात. सकाळी खाद्यावर सोडल्यावर २०° वर साधारण ४०-४५ तासांनी एल४, म्हणजे अळीची शेवटची अवस्था, येते.

एल४ ओळखायची खूण म्हणजे पोटाच्या मधोमध दिसणारी पांढरी अर्धचंद्राकृती. तिथूनच आरएनएआय सुरू करा.

किती तास, हा खरा प्रश्न

सन-१ आणि झिग-१२ फक्त भ्रूणात नसतात. जननग्रंथीत अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या लावायलाही हीच जोडी लागते आणि ग्रंथीची घडीही तिच्यावर अवलंबून आहे. आरएनएआय लांबवला की आधी बीजांडे बिघडतात. वर्म वांझ होतात, किंवा चुकीच्या संख्येची गुणसूत्रे असलेली अंडी देतात. मग भ्रूणात दिसणारा गोंधळ सेंट्रोसोम सुटल्याचा की गुणसूत्रे बिघडल्याचा हे सांगता येत नाही.

तेव्हा ठरावीक तास उसने घेऊ नका. एल४ पासून २०, २४, २८ आणि ३२ तास अशी मालिका २५° वर एकदा करा. ज्या वेळेला अंडी भरपूर आहेत, मादीकेंद्रकात गुणसूत्रे नीट मोजता येतात आणि पहिल्या विभाजनात दोष दिसू लागला आहे, तोच तुमचा तास. परिणाम फार तीव्र असेल तर झिग-१२ चा जिवाणू रिकाम्या एल४४४० बरोबर समप्रमाणात मिसळा. डीएचसी-१, म्हणजे डायनिनची जड साखळी, हिच्या बाबतीत तर सौम्य मात्राच हवी. पूर्ण काढल्यावर वर्म वांझ होतात.

तापमान-संवेदी उत्परिवर्ती मिळाले तर ही अडचण बरीच सुटते. झिग-१२ चे सीटी३५० आणि ओआर५७७ हे दोन्ही तसे आहेत. १५° वर वाढवायचे आणि अंडी कापण्याआधी प्रौढांना थोडेच तास २५° वर न्यायचे. २ ते ४ तासांनी सुरुवात करा. त्या अवधीत गर्भाशयात येणारी बीजांडे गुणसूत्रांच्या जोड्या लागण्याचा टप्पा आधीच ओलांडून आलेली असतात, म्हणून जननग्रंथीचा दोष फारसा मिसळत नाही. याच कारणाने आरएनएआयपेक्षा हा मार्ग आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. सोबत एन२ चे वर्म त्याच डब्यात, तितकेच तास न्या.

सेंट्रोसोम स्वच्छ दिसायला हवा असेल तर टीएच३२ वंश घ्या. त्यात गॅमा-ट्युब्युलिन आणि हिस्टोन दोन्हींना हिरवे प्रथिन जोडलेले आहे. दोन ठिपके म्हणजे सेंट्रोसोम, पसरट गोळा म्हणजे गुणसूत्रे, त्यामुळे एकच रंग पुरतो. ही जोडलेली जनुके पाय-१ या जनुकाच्या नियंत्रक भागाखाली आहेत आणि थंडीत गप्प बसतात. दोन-तीन पिढ्या २४-२५° वर वाढवा. चमक मंदावली तर गोठवलेला साठा पुन्हा काढा. १५° वर ठेवायचा उत्परिवर्ती आणि २५° वर ठेवायचा टीएच३२ यांचे काम एकाच दिवशी, एकाच इनक्युबेटरमध्ये करायला जाऊ नका.

स्लाइड

प्लेटवर घातलेली अंडी या कामाला निरुपयोगी. वर्म अंडे घालतो तोवर भ्रूणात वीस-तीस पेशी झालेल्या असतात. आपल्याला हवी ती अंडी अजून आईच्या पोटात, शुक्राशयाच्या अगदी शेजारी असतात. म्हणून तरुण प्रौढ निवडा, ज्याच्या पोटात अंड्यांची एकच रांग आहे. ग्रंथीच्या प्रत्येक बाहूतून साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी एक बीजांड येते. त्या हिशेबाने एका वर्ममधून दोन-चारच कामाची अंडी मिळतात. आठ-दहा वर्म एकत्र कापा.

काचेवर ५ ते ८ मायक्रोलिटर अंडद्रावणाचा थेंब घ्या. त्यात सोडियम क्लोराइड ११८, पोटॅशियम क्लोराइड ४८, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड २ आणि पीएच ७.३ चे हेपेस २५, सगळे मिलिमोलरमध्ये. नुसते पाणी नको. अर्धसूत्री विभाजन चालू असताना कवच पूर्ण झालेले नसते, पाण्यात अंडे फुगते आणि पुढे सगळे वाकडे जाते. दोन २६ गेजच्या सुया कात्रीसारख्या धरून वर्म योनिमुखाशी कापा. अंडी बाहेर सांडतात.

आधी २ टक्के अगारोजची गादी तयार ठेवा. दोन स्लाइडवर चिकटपट्टीचे दोन-दोन थर लावून मध्ये तिसरी स्लाइड ठेवा, तिच्यावर गरम अगारोजचा थेंब टाका आणि चौथी आडवी दाबा. गादी सारख्या जाडीची व्हायला हवी. काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने अंडी तिच्यावर सरकवा आणि २२ गुणिले २२ मिमीची, ०.१७ मिमी जाडीची आवरणकाच एका कडेने हळू टेकवा. व्हॅसलीन, लॅनोलिन आणि पॅराफिन समभाग वितळवून कडा बंद करा. नुसते व्हॅसलीन उन्हाळ्यात मऊ पडते आणि काच सरकते.

इथे चुका दोन. गादी वाळली तर काच अंड्याला दाबते. दबलेल्या अंड्यात केंद्रके चपटी, मोठी दिसतात आणि सेंट्रोसोम एका पातळीत आल्याने अंतर वाढल्याचा भास होतो. अंड्याची रुंदी ३० ऐवजी ३५ मायक्रोमीटर भरत असेल तर ती स्लाइड टाकून द्या. दुसरी चूक द्रव जास्त ठेवण्याची. त्यात अंडी तरंगतात, लोळतात, आणि केंद्रक सरकले की अंडे फिरले ते कळत नाही.

काय बघायचे, कधी बघायचे

६० किंवा १०० पटीचे तेलाचे भिंग आणि नोमार्स्की व्यवस्था (रंग न वापरता पारदर्शक वस्तूत उठाव दाखवणारी) असावी. ती नसेल तर साध्या उजेडात कंडेन्सरचे छिद्र लहान करूनही केंद्रके दिसतात. बलकाच्या दाणेदार गर्दीत दोन गुळगुळीत, स्वच्छ चकत्या म्हणजे केंद्रके. नोमार्स्कीखाली सेंट्रोसोम केंद्रकाला लागून असलेला, दाणे नसलेला छोटा पट्टा म्हणून दिसतो.

निरोगी अंड्याचा क्रम डोळ्यांना पाठ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आधी दोन ध्रुवकाये सुटतात. मग एका टोकाला नरकेंद्रक आणि दुसऱ्या टोकाला मादीकेंद्रक फुगू लागते. अंड्याची कड सुरकुतते, मध्ये एक खोटी खाच पडते आणि जाते. सेंट्रोसोम दुप्पट होऊन नरकेंद्रकाच्या कडेने दोन बाजूंना सरकतात. मादीकेंद्रक आधी रेंगाळते, शेवटी वेगाने धावत येते. भेट मागच्या अर्ध्यात, पुढच्या टोकापासून सुमारे ७० टक्के अंतरावर होते. मग ही जोडी मध्यावर येते आणि ९० अंशांत वळते, म्हणजे सेंट्रोसोमची रेघ अंड्याच्या लांबीशी जुळते. केंद्रकावरण विरते, तर्कू (गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारी सूक्ष्मनलिकांची रचना) तयार होतो, मागच्या टोकाकडे सरकतो आणि डुलतो. विभाजन असमान होते, पुढची एबी पेशी मोठी आणि मागची पी१ लहान.

दर १० सेकंदांनी एक चौकट घ्या. चमकणाऱ्या वंशात दर २० सेकंदांनी, १ मायक्रोमीटर अंतराच्या बारा-पंधरा पातळ्या, उजेड शक्य तितका कमी. उजेड जास्त झाला की भ्रूण गुपचूप मंद होतो. त्यामुळे प्रत्येक दिवशी उजेड न दिलेला एक एन२ भ्रूण फक्त नोमार्स्कीत नोंदवा आणि केंद्रकावरण विरण्यापासून पेशी कापली जाईपर्यंतचा वेळ ताडून पाहा. दोहोंत ठळक फरक असेल तर उजेड कमी करा, उत्परिवर्तीबद्दल अजून काही बोलू नका.

दोष ओळखणे

झिग-१२ किंवा सन-१ गेले असेल तर सेंट्रोसोम नरकेंद्रकावरून सुटून पेशीद्रव्यात भटकतात. मादीकेंद्रक आपल्या जागीच बसून राहते, कारण त्याच्या पटलावर डायनिन नाही. दोन्ही केंद्रके भेटत नाहीत. सुटलेले सेंट्रोसोम कधी गुणसूत्रांविना एकमेकांमध्येच तर्कू रचतात.

डायनिन कमी केले असेल तरीही मादीकेंद्रक येत नाही, म्हणून दुरून दोन्ही चित्रे सारखी वाटतात. पण इथे दोन सेंट्रोसोम एकमेकांपासून दूरच जात नाहीत. ते मागच्या टोकाला, नरकेंद्रकाच्या शेजारी एकत्र राहतात. सुटलेले सेंट्रोसोम थोड्याच भ्रूणांत आढळतात. ओढ गेली, गाठ बरीचशी शाबूत राहिली, असा त्याचा अर्थ.

तिसरा नियंत्रण गट आवर्जून ठेवा, झिग-९. हे प्रथिन गेले की सूक्ष्मनलिका आखूड होतात. मादीकेंद्रक पोहोचत नाही, तर्कू मागच्या टोकाला आडवा बसतो, पण सेंट्रोसोम नरकेंद्रकाला चिकटलेलेच. "केंद्रके भेटली नाहीत" एवढ्यावरून गाठीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे या एका गटाने स्पष्ट होते. आरएनएआयने तो सहज मिळतो.

मोजमापासाठी फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आधी स्टेज मायक्रोमीटरने भिंगाचे अंशांकन करा. सेंट्रोसोमच्या मध्यापासून नरकेंद्रकाच्या जवळच्या कडेपर्यंतचे अंतर तिन्ही मितींत काढा. आडवे, उभे आणि खोलीचे अंतर वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. केवळ एका पातळीतले अंतर घेतले तर केंद्रकाच्या वर बसलेला सेंट्रोसोम आत घुसलेला दिसतो आणि खाली सुटून गेलेला चिकटलेला. कड नोमार्स्कीच्या चित्रावरून घ्या, हिस्टोनच्या चमकेवरून नको. गुणसूत्रे घट्ट होत जातात तशी चमक केंद्रकाच्या कडेपासून आत सरकते आणि अंतर उगाच वाढते.

वेळेचा शून्य कुठे धरायचा, हा मुद्दा लहान दिसतो पण निकाल फिरवतो. निरोगी भ्रूणात केंद्रकांची भेट हा सोयीचा शून्य वाटतो, पण ज्या भ्रूणात भेट होतच नाही त्याचे काय? म्हणून सर्व गटांत नरकेंद्रकाची कड विरण्याचा क्षण शून्य धरा आणि उलटे मोजत जा. त्या क्षणानंतरचे अंतर मोजूच नका. वर्ममध्ये आवरण आधी सेंट्रोसोमजवळ फाटते, त्यानंतर "केंद्रकापासून अंतर" या शब्दांना अर्थ राहत नाही.

आता मूळ प्रश्न. प्रत्येक भ्रूणाच्या अंतराचा आलेख काढला की तीन आकार दिसतात. अंतर सुरुवातीपासून मोठे आणि मोठेच राहिले, तर सेंट्रोसोम कधी बांधलाच गेला नाही. आधी लहान होते आणि मध्येच वाढले, तर बांधलेला सुटला. वाढले आणि पुन्हा कमी झाले, तर बहुधा सुटलेला सेंट्रोसोम नुसता जवळून गेला, किंवा तुमची खोलीची पातळी चुकली. पहिला आणि दुसरा आकार एकाच रकान्यात टाकणे ही आम्हाला या कामातली सर्वांत महागडी चूक वाटते, कारण प्रथिन ओढण्यात लागते की धरून ठेवण्यात, हे त्या दोन आकारांच्या प्रमाणातूनच कळते. चित्रण उशिरा सुरू केले तर दुसरा आकार पहिल्यासारखा दिसतो. म्हणून खोटी खाच पडण्याआधीपासून ज्यांचे चित्रण आहे तेच भ्रूण या मोजणीत घ्या, बाकीचे वेगळे ठेवा.

"सुटला" कधी म्हणायचे याची रेघ नियंत्रण गटावरून आखा. रिकाम्या एल४४४० वरचे निदान १५ भ्रूण मोजा, सरासरीत तीन प्रमाण विचलने मिळवा, तीच रेघ. दुसऱ्याच्या निबंधातला आकडा वापरू नका, भिंग आणि गादी बदलली की तो बदलतो. प्रत्येक गटात १५-२० भ्रूण, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी. फाइलींना क्रमांक देण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवा, म्हणजे मोजताना गट कोणता हे तुम्हाला कळणार नाही.

प्रथिन जागेवर आहे का हे प्रतिपिंडांनी बघायचे असेल तर पॉलिलायसिन लावलेल्या स्लाइडवर अंडी घेऊन वर काच ठेवा, कोरड्या बर्फावरच्या धातूच्या ठोकळ्यावर गोठवा, काच झटक्यात उपटा आणि लगेच -२०° च्या मिथेनॉलमध्ये १५ मिनिटे बुडवा. काच उपटताना कवच तडकले नाही तर प्रतिपिंड आत जात नाही आणि "प्रथिन नाही" असा खोटा निष्कर्ष निघतो. त्याच स्लाइडवर ट्युब्युलिन रंगले आहे याची खात्री झाल्यावरच झिग-१२ नसण्याबद्दल लिहा. सन-१ काढलेल्या भ्रूणात झिग-१२ केंद्रकाच्या कडेवरून गेलेले पण सेंट्रोसोमवर उरलेले दिसले, तर तुमचा प्रयोग नीट चालला आहे.

पुढच्या अवस्थांत याच घडणीची दुसरी प्रथिने काम करतात. सन कुळातले अंक-८४ आतल्या पटलात बसते. बाहेर अंक-८३ असेल तर ते कायनेसिन या दुसऱ्या मोटर प्रथिनाच्या मदतीने केंद्रक सरकवते, आणि ८,००० हून जास्त अमिनो आम्लांचे प्रचंड अँक-१ असेल तर केंद्रक जागेवर रोखून धरते. अँक-१ चा उत्परिवर्ती बघायला ना चमकणारा वंश लागतो ना वेळेचे चित्रण. प्रौढ वर्म १० मिलिमोलर लेव्हामिसोलच्या थेंबात सुन्न करून अगारोजच्या गादीवर ठेवा आणि नोमार्स्कीखाली त्वचेखालच्या हिप७ थराकडे बघा. त्या एकसंध पेशीत १३९ केंद्रके असतात. एन२ मध्ये ती अंतर राखून बसलेली दिसतात, अँक-१ मध्ये ती गाठोडे होऊन एकमेकांवर आदळलेली असतात आणि वर्मने अंग वळवले की पेशीद्रव्याबरोबर वाहत जातात.